सात मिलिमीटर हवा

सलाईनच्या नळीतल्या बुडबुड्याला घाबरणारा माणूस मला कधीच अडाणी वाटला नाही. वॉर्डात त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "काही होत नाही हो, बसा तुम्ही." सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्या अंगावर सगळा वॉर्ड असतो. पण त्या उत्तराने माणूस बसत नाही, आणि बसला तरी नजर नळीवरच असते. बुडबुडा हळूहळू खाली सरकतो, थ्री-वेच्या तोटीपाशी जरा अडतो, पुन्हा निघतो आणि चिकटपट्टीखाली दिसेनासा होतो. मग तो माणूस आईच्या चेहऱ्याकडे बघत राहतो.

रुग्णालयातल्या उपकरणांची देखभाल हे माझं काम. इन्फ्युजन पंप, सिरिंज पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर. आम्हाला वॉर्डात 'बायोमेडिकलवाले' म्हणतात. अंगावर पांढरा कोट नसतो, हातात स्क्रूड्रायव्हर असतो, म्हणून असेल, पण डॉक्टरांना विचारायला लोक कचरतात ते प्रश्न ते मला विचारतात. "मॅडम, ही हवा आत गेली तर?" हा त्यातला नेहमीचा. मला तो प्रश्न आवडतो. त्याचं खरं उत्तर द्यायला जरा वेळ लागतो, पण ते देण्याजोगं आहे.

ही भीती सलाईनइतकीच जुनी आहे. 1831-32 च्या कॉलऱ्याच्या साथीत विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासून दाखवलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. त्याच्या या कामावर विसंबून 1832 मध्ये एडिंबरोजवळच्या लीथ इथे थॉमस लाटाने क्षारांचं पाणी थेट शिरेत सोडलं. त्याची पहिली रोगी एक म्हातारी बाई. जवळजवळ गेलेलीच होती. पाणी आत जाऊ लागलं तशी नाडी लागली, चेहरा फिरला, ती बोलली. काही तासांनी जुलाब पुन्हा सुरू झाले आणि ती गेली, पण नंतरच्यांपैकी काही जण वाचले. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या पत्रात लाटाने बजावलं आहे की पिचकारी अगदी निर्दोष हवी, नाहीतर हवा आत जायचा धोका. ज्याच्यापासून ही रीत सुरू झाली त्या डॉक्टरला जी चिंता होती, तीच आज जनरल वॉर्डातल्या मुलाला आहे. मग त्याला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

नंतरच्या काळात या भीतीला गोष्टींनी खतपाणी घातलं हेही खरं. डोरोथी सेयर्स यांच्या 1927 च्या 'अननॅचरल डेथ' या कादंबरीत रिकाम्या पिचकारीने रक्तवाहिनीत हवा सोडून खून होतो. तेव्हापासून हा खून रहस्यकथांत आणि पडद्यावर इतक्यांदा झाला आहे की एक पिचकारीभर हवा म्हणजे मृत्यू, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं. प्रत्यक्षात 1950 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये हर्मन सँडर या डॉक्टरवर खटला चालला. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका बाईच्या शिरेत त्याने 40 सीसी हवा सोडल्याची नोंद केसपेपरवर त्यानेच करून ठेवली होती. बाई त्याआधीच गेली होती की काय, या मुद्द्यावर खटला घुटमळला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.

आता नळीकडे येऊ. साध्या सलाईन सेटच्या नळीचा आतला व्यास साधारण तीन मिलिमीटर. गणित सोपं आहे: अशा नळीत सात मिलिमीटर लांबीचा बुडबुडा म्हणजे 50 मायक्रोलिटर हवा, एका मिलिलिटरचा विसावा भाग. दीड मीटरची अख्खी नळी रिकामी असली तरी तिच्यात दहा-अकरा मिलिलिटरच हवा मावते. मोठ्या माणसाचा जीव घ्यायला शिरेतून एकदम 200 ते 300 मिलिलिटर हवा जावी लागते, असा अंदाज अपघातांच्या नोंदींवरून आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून बांधलेला आहे. शिरेतून गेलेला बुडबुडा हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसांत जातो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत तो अडकतो, त्यातली हवा हळूहळू श्वासावाटे बाहेर पडते आणि बुडबुडा संपतो. नळीतले किरकोळ बुडबुडे शरीर असे रोज जिरवतं.

हवा खूप आणि झटकन गेली तर मात्र गोष्ट वेगळी. हृदय द्रव ढकलायला बनलेलं आहे. द्रव दाबला जात नाही म्हणून तो पुढे सरकतो. हवा दाबली जाते. उजव्या कप्प्यात हवा साठली की हृदय आकुंचन पावतं, हवा आक्रसते, पुन्हा फुगते आणि पुढे काहीच जात नाही. रवीखाली ताक घुसळावं तसा रक्ताचा फेस होतो. स्टेथोस्कोपला जो खळबळाट ऐकू येतो त्याला वैद्यकाच्या पुस्तकांत पाणचक्कीचा आवाज म्हणतात. अशा वेळी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, म्हणजे हवा वर राहते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट मोकळी होते. ही युक्ती ड्युरँट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1947 मध्ये मांडली आणि अजूनही शिकवली जाते.

तेव्हा "काही होत नाही" हे खरं आहे, पण ते अटींसह खरं आहे, आणि नेमक्या त्या अटीच कोणी सांगत नाही.

पहिली अट हृदयाची. आईच्या पोटात असताना बाळाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला एक झडपेसारखी वाट असते. जन्मानंतर ती मिटते, पण साधारण चारातल्या एका माणसात पुरती मिटत नाही. एरवी त्याचा काही त्रास नसतो, बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. पण त्या वाटेने बुडबुडा डावीकडे गेला तर फुप्फुसाची चाळण चुकते आणि तो मेंदूकडे किंवा हृदयाच्या स्वतःच्या धमनीत जाऊ शकतो. तिथे एखाद-दोन मिलिलिटर हवासुद्धा घात करू शकते. गंमत वाटेल, पण ही वाट उघडी आहे का हे शोधायलाही बुडबुडेच वापरतात. नऊ मिलिलिटर सलाईन, एक मिलिलिटर हवा, थ्री-वेला जोडलेल्या दोन सिरिंजा. एकीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत असं जोराने मागेपुढे करत राहिलं की पाणी दुधाळ होतं. ते शिरेत सोडतात आणि इकोच्या पडद्यावर बघतात. उजवे कप्पे पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातात. तीन-चार ठोक्यांच्या आत ठिपके डावीकडे उमटले तर वाट उघडी. ज्या बुडबुड्यांसाठी आम्ही अलार्म लावतो तेच इथे मोजून, मुद्दाम, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडले जातात. अतिसूक्ष्म असल्यामुळे ते विरून जातात.

दुसरी अट वयाची. नवजात बाळाच्या हृदयातली ती वाट अजून मिटलेली नसते, म्हणून एनआयसीयूमध्ये एकही बुडबुडा चालवून घेत नाहीत. तिथे आणखी एक गोष्ट आहे जी बाहेर फारशी बोलली जात नाही. बाळाला औषध तासाला दोन मिलिलिटर अशा गतीने जात असतं. या गतीला 50 मायक्रोलिटरचा बुडबुडा पुढे सरकायला दीड मिनिट घेतो. ते दीड मिनिट बाळाला औषध मिळतच नाही. रक्तदाब टिकवणारी औषधं शरीरात दोन-चार मिनिटांत संपतात. म्हणजे तिथे हवा जितकी घातक, तितकाच औषधाचा खाडा घातक. आणि बाळांची औषधं बहुतेक सिरिंज पंपावर असतात. बहुतेक सिरिंज पंपांत हवा ओळखणारा सेन्सर नसतोच. तिथली सिस्टर टॉर्च घेऊन नळी बघते. ती नळी इतकी बारीक असते, व्यास जेमतेम एक मिलिमीटर, की तेवढीच 50 मायक्रोलिटर हवा तिच्यात सहा सेंटिमीटर लांब पसरते. एका अर्थी हे बरंच आहे, नजरेला सापडते तरी.

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यावर नातेवाइकांची नजर कधीच नसते. गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन. बसलेल्या माणसाने खोल श्वास घेतला की छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या क्षणी लाइनची टोपी उघडी असेल, जोड निसटलेला असेल, किंवा रुग्ण बसलेला असताना लाइन काढली जात असेल, तर शीर हवा आपणहून ओढून घेते, आणि मायक्रोलिटरने नव्हे. म्हणून ती लाइन काढताना रुग्णाला सपाट झोपवतात, श्वास रोखायला सांगतात आणि जागा घट्ट दाबून बंद करतात. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला पिशवीवर दाब देऊन भराभर सलाईन देतात तेव्हाही असंच: पिशवीत उरलेली हवा आधी काढली नाही तर द्रव संपल्यावर तो दाब हवाच ढकलतो. अशा मृत्यूंच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिरेत हवा जाणं हे टाळता येण्याजोगं आहे हे इतकं मान्य झालं की 2008 पासून अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर योजनेने रुग्णालयात झालेल्या अशा अपघाताचा वाढीव खर्च देणं बंद केलं.

पंप नळीतली हवा कशी ओळखतो, तेही लोकांना सांगायला मला आवडतं. पंपाचं दार उघडलं की नळी जिथून जाते त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन लहान चकत्या असतात. एक चकती कानाला न ऐकू येणारा ध्वनी नळीतून आरपार पाठवते, दुसरी ऐकते. नळीत पाणी असेल तर ध्वनी सहज पलीकडे पोचतो. हवा आली की त्या सीमेवरून जवळजवळ सगळा परत फिरतो, कारण ध्वनीला वाट देण्याच्या बाबतीत पाणी आणि हवा यांच्यात साडेतीन हजार पटींचा फरक आहे. पलीकडची चकती गप्प झाली की पंप वेळ मोजायला लागतो. द्रव किती वेगाने चालला आहे हे त्याला ठाऊकच असतं, कारण तोच तो ढकलत असतो. वेग गुणिले शांततेची वेळ म्हणजे बुडबुड्याचं आकारमान. काही पंप हेच काम अवरक्त किरणांनी करतात: पाण्याने भरलेली नळी किरणांना एका तऱ्हेने वाकवते, रिकामी दुसऱ्या तऱ्हेने.

हा सेन्सर तपासायची आमची पद्धत साधी आहे. टेबलावर पंप, स्टँडवर सलाईन, खाली मोजपात्र. इन्सुलिनची सिरिंज घ्यायची, नारिंगी टोपीची, म्हणजे 100 युनिटला एक मिलिलिटरवाली. तिच्यात पाच युनिटच्या खुणेपर्यंत हवा ओढायची. झाले 50 मायक्रोलिटर. (लाल टोपीची 40 युनिटवाली उचलली तर हिशेब दोन युनिटवर येतो, म्हणून टोपीचा रंग आधी बघायचा.) नळीवरच्या रबरी पोर्टमधून ती हवा हलकेच आत सोडायची आणि बोटाने टिचकी मारून तुकडे होऊ न देता एकसंध ठेवायची. पंप तासाला 100 मिलिलिटरवर लावला की बुडबुडा सेकंदाला चारएक मिलिमीटर सरकतो. खाचेत शिरतो. दोन सेकंद काहीच होत नाही. मग मोटर थांबते, लाल दिवा लागतो आणि पडद्यावर 'एअर इन लाइन' येतं. पंपाने बुडबुडा अगदी खाचेपाशीच पकडून ठेवलेला असतो. इतक्या वर्षांनीही तो थांबला की मला समाधान वाटतं. आणि न थांबलेला पंप मी वॉर्डात जाऊ देत नाही, मग वरून कितीही फोन येवोत.

पण पंपाला किती हवेवर थांबायचं हे माणूस ठरवतो. पुष्कळ पंपांत ती मर्यादा 50, 100 किंवा त्याहून जास्त मायक्रोलिटर अशी लावता येते. मर्यादा खाली आणली की पंप सारखा ओरडतो. फ्रीजमधून काढलेली औषधाची किंवा रक्ताची पिशवी खोलीच्या उबेला येते तेव्हा तिच्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, कारण गरम द्रवात हवा कमी विरघळते. नळीच्या भिंतीला बारीक बारीक बुडबुडे धरतात. त्यात सिस्टरची काहीच चूक नसते, पण अलार्म तिच्याच नावाने वाजतो. रात्री तीन वाजता आयसीयूत उभं राहून ऐकावं: इथे हवा, तिथे बॅटरी, पलीकडे बोटावरून निसटलेला क्लिप. सगळे आवाज सारखेच कर्कश. अमेरिकेतली ईसीआरआय ही संस्था वैद्यकीय तंत्रज्ञानातल्या धोक्यांची दरवर्षी यादी काढते. 2012 पासून 2015 पर्यंत सलग तिच्यात पहिल्या क्रमांकावर अलार्मच होते. एखादा अलार्म वाजलाच नाही, आणि इतके वाजले की खरा ओळखू आला नाही, असे दोन्ही धोके त्यात येतात. सगळे पंप सगळ्यात खालच्या मर्यादेवर ठेवा असा आग्रह धरणाऱ्या लोकांशी मी म्हणूनच वाद घालते. बाळाचा पंप खाली, नक्कीच. मोठ्या माणसाचा नाही. ज्या अलार्मकडे सिस्टर दहाव्यांदा धावली त्याच्याकडे अकराव्यांदा ती चालत जाईल, आणि अकरावा खरा असू शकतो.

डायलिसिसच्या मशीनला अशी सवलतच नाही. तिथे रक्त मिनिटाला 300 मिलिलिटर, म्हणजे सेकंदाला पाच मिलिलिटर वाहतं. जोड सुटला तर मिनिटाभरात घातक मात्रा पुरी होईल. म्हणून रुग्णाकडे परत जाणाऱ्या नळीवर बुडबुडे अडवणारं एक भांडं असतं, त्यावर सेन्सर असतो आणि खाली एक चिमटा. हवा दिसली की रक्ताचा पंप थांबतो आणि चिमटा खटकन नळी आवळतो, आधी कुणाला विचारत बसत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा त्या खुर्चीवर चार-चार तास बसणाऱ्या लोकांना तो आवाज पाठ असतो. त्यातले बरेच जण मला मशीनबद्दल शिकाऊ टेक्निशियनपेक्षा नेमकं सांगतात.

हे सगळं पंपांच्या जगातलं. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी, आणि मोठ्या शहरांतल्या जनरल वॉर्डांतही बहुतेक सलाईन पंपावर नसतं. स्टँड, बाटली, ठिबकणारी कुपी, रोलर आणि नळी. थेंब घड्याळ लावून मोजायचे. तिथे सेन्सर एकच, खाटेशी बसलेला नातेवाईक. रात्रभर डोळ्यांत तेल घालून तो तिथे असतो आणि कशाकडे बघायचं हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं. त्यामुळे तो नेमक्या निरुपद्रवी गोष्टींना घाबरतो. कडक प्लॅस्टिकच्या बाटलीला वर टोचलेली सुई बघून त्याला वाटतं, हवा इथूनच भरतायत. खरं तर बाटलीत हवा शिरली नाही तर आत पोकळी तयार होऊन थेंबच थांबतील. बाटली संपली की तो व्हरांड्यातून धावत सुटतो, "सिस्टर, सलाईन संपलं, हवा जाईल!" वास्तविक बाटली रिकामी झाली की नळीतलं पाणी उतरत उतरत शिरेतल्या दाबाशी बरोबरी होईल तिथे थांबतं. हाताच्या शिरेत हवा आपणहून उतरत नाही, उलट थोडं रक्तच नळीत वर चढतं. ते बघून तो आणखी घाबरतो. त्यात धोका एवढाच की रक्त गोठून सुई बंद पडेल आणि म्हाताऱ्या हाताला पुन्हा टोचावं लागेल. धावायचं ते त्यासाठी. नवी बाटली लावताना कुपीखाली रिकामी राहिलेली नळी भरून घेतली की नाही, हे बघायला हवं, कारण ती हवा आता मागच्या पाण्याने पुढे ढकलली जाणार असते. पण त्या क्षणी नातेवाईक सुटकेचा श्वास टाकून पाणी प्यायला गेलेला असतो.

म्हणून आमच्या मेट्रनबाईंकडे मी एक कागद घेऊन गेले. खाटेशी लावायचा, मोठ्या अक्षरांत, मराठीत. बाटलीत चार बोटं पाणी उरलं की हाक मारा. कुपी अर्धी भरलेली राहू द्या. नवी बाटली लागताना नळी पाण्याने भरली का ते बघा, भरली नसेल तर न लाजता सिस्टरला दाखवा. टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले तर घाबरू नका, बोटभर लांब हवा दिसली तर रोलर बंद करून हाक मारा. मेट्रनबाईंना आधी ते पटलं नाही. "लोक आधीच दर पाच मिनिटांनी बोलावतात, आता कागद दाखवून बोलावतील." मी म्हटलं, बोलावू देत, निदान कामाच्या गोष्टीसाठी बोलावतील. त्यांनी कागद ठेवून घेतला. दोन दिवसांनी परत दिला तेव्हा माझ्या ओळी तशाच होत्या. खाली त्यांच्या अक्षरात, लाल पेनने, एक ओळ वाढवली होती आणि ती सगळ्यांत वर, सगळ्यात मोठ्या टायपात छापा असं शेजारी लिहिलं होतं: गळ्याजवळ नळी असेल तर तिची टोपी कधीही स्वतः उघडू नका, आणि उघडी दिसली तर पेशंटला लगेच आडवं झोपवा आणि जोरात ओरडा, रात्र असली तरी.